तोपोलिनो की चिंक्वेचेंतो: एकाच अभियंत्याच्या दोन लहान फियाट

फियाटने 1936 साली बाजारात आणलेल्या 500 या मोटारीचे इंजिन 569 सीसीचे होते आणि त्याची ताकद 13 अश्वशक्ती होती. त्यानंतर 21 वर्षांनी, जुलै 1957 मध्ये, त्याच कंपनीने ‘नुओवा 500’, म्हणजे ‘नवी 500’, या नावाने जी मोटार आणली तिचे इंजिन 479 सीसीचे होते आणि त्याचीही ताकद 13 अश्वशक्तीच होती. दोन्ही मोटारी ताशी 85 किलोमीटरपर्यंत जात आणि दोन्ही दान्ते जाकोसा या एकाच अभियंत्याच्या हाताखाली घडल्या. ज्याला आजवर मोटार घेणे परवडले नाही अशा इटालियन कुटुंबाच्या दारात मोटार उभी करायची, हा हेतूही दोन्हींमागे सारखाच होता. इतके साम्य असूनही या दोन गाड्या एकापाठोपाठ चालवल्या तर त्या एकाच डोक्यातून निघाल्या असतील यावर विश्वास बसत नाही, आणि हा फरक नेमका कशात आहे हे तपासण्यासाठीच मी हे परीक्षण लिहीत आहे.

मी नोकरीनिमित्त तुरीनमध्ये राहतो. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडे 1938 सालची 500 ए आहे, जिला सारी इटली ‘तोपोलिनो’ या नावाने ओळखते. तोपोलिनो म्हणजे छोटा उंदीर, आणि मिकी माउसलाही इटालियन भाषेत हेच नाव आहे. दुसरी गाडी 1969 सालची 500 एफ, जी मी स्वतः काही वर्षे बाळगून आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी चालवतो. तेव्हा दुसऱ्या गाडीची मला सवय आहे आणि पहिलीची नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तुलना शक्य तितकी न्याय्य व्हावी म्हणून मी दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने नेल्या: शहरातून पो नदी ओलांडून सुपेर्गाच्या टेकडीवर, तेथून उतरून पीनो तोरिनेसेमार्गे किएरीला, आणि त्याच वाटेने परत.

आधी तोपोलिनोविषयी, कारण तिच्या रचनेत शिकण्यासारखे जास्त आहे. जाकोसा यांनी 1927 मध्ये तुरीनच्याच पॉलिटेक्निकमधून पदवी घेतली होती, आणि या मोटारीचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा ते तिशीच्याही अलीकडे होते. फियाटचे संस्थापक जोवान्नी आन्येल्ली यांना पाच हजार लिरांच्या आसपास विकता येईल अशी मोटार हवी होती. त्याआधी कंपनीत पुढच्या चाकांना गती देणारा एक नमुना तयार झाला होता. चाचणीच्या वेळी आन्येल्ली स्वतः त्यात बसलेले असताना त्याने पेट घेतला, आणि तेव्हापासून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे नाव काढायचे नाही असा त्यांचा दंडक झाला, अशी हकीकत तुरीनमध्ये आजही सांगतात. (जाकोसा यांनी ही इच्छा मनात जपली असावी, कारण 1964 मध्ये आउतोबियांकी प्रिमुला या गाडीत त्यांनी ती पुरी केली.) म्हणजे 1936 च्या गाडीत इंजिन पुढे, गती मागच्या चाकांना आणि मधून लांब शाफ्ट, ही मोठ्या गाड्यांची मांडणीच घ्यावी लागणार होती, आणि तरीही गाडीची लांबी सव्वातीन मीटरच्या आत ठेवायची होती.

यावर जाकोसा यांनी काढलेला तोडगा मला आजही अत्यंत देखणा वाटतो. त्यांनी इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे नेले आणि रेडिएटर नेहमीप्रमाणे इंजिनाच्या समोर न बसवता त्याच्या मागे, थोडा उंचावर बसवला. यामुळे एकाच वेळी तीन गोष्टी साधल्या. बसणाऱ्यांचे पाय पुढच्या चाकांच्या मधोमध येऊ शकले, त्यामुळे दोन मीटरच्या व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमधल्या अंतरात, दोन माणसे ऐसपैस बसू लागली. समोर रेडिएटरची भिंत उरली नाही, म्हणून बॉनेटला पुढे उतरता आकार देता आला. आणि गरम पाणी आपोआप वर चढते व थंड झाल्यावर खाली येते, या साध्या नियमावर रेडिएटरचे काम चालू शकल्याने पाण्याचा पंपच लागला नाही. पेट्रोलचेही तेच. टाकी डॅशबोर्डच्या मागे उंचावर आहे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरते, त्यामुळे तिथेही पंप नाही. जो भाग गाडीत नाही तो बिघडत नाही आणि त्याची किंमतही लागत नाही, हे सूत्र जाकोसा यांनी पहिल्याच मोटारीत अंगी बाणवले होते.

काटकसर मात्र इथेच थांबते, आणि तोपोलिनोचे वेगळेपण इथूनच सुरू होते. इंजिन लहान असले तरी त्याला चार सिलिंडर आहेत आणि ते पाण्याने थंड होते. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आहेत. पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, त्यासाठी एक आडवा पाटा दिला आहे. गिअर चार आहेत आणि तिसऱ्या व चौथ्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर करकर न होता पडावा म्हणून फिरत्या भागांचा वेग जुळवणारी सोय, आहे. 1936 साली यांतल्या काही गोष्टी तिच्याहून कितीतरी महाग गाड्यांतही मिळत नसत. थोडक्यात, तोपोलिनो ही स्वस्त गाडी म्हणून कल्पिलेली नाही. ती पूर्ण वाढलेली मोटार आहे, फक्त तिचे माप कमी केले आहे. त्याची किंमतही मोजावी लागली: ठरवलेल्या पाच हजारांऐवजी ती 8900 लिरांना विकली गेली, आणि सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेरच राहिली.

चालवताना हा मोठेपणा पहिल्या शंभर मीटरांतच जाणवतो. इंजिन सुरू झाल्यावर जो आवाज येतो तो बारीक आणि सलग असतो, शिवणयंत्रासारखा. पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता. दुसऱ्यात टाकताना हात हलका ठेवावा लागतो, पण तिसरा आणि चौथा गिअर इतक्या सहजपणे पडतात की ऐंशीहून अधिक वर्षांच्या यंत्राकडून ही अपेक्षा मी केली नव्हती. सपाट रस्त्यावर ताशी 55 ते 60 किलोमीटरला ती समाधानाने धावते. स्टिअरिंग हलके आणि नेमके आहे, आणि गाडीचे वजन पुढच्या बाजूला असल्याने वाऱ्याच्या झोताने ती विचलित होत नाही. चालकाची जागा मला अपेक्षेपेक्षा मोकळी वाटली. माझी उंची पावणेसहा फूट असूनही पाय मुडपावे लागले नाहीत.

सुपेर्गाच्या चढावर मात्र 13 अश्वशक्तीची मर्यादा उघडी पडते. वळणे अरुंद आणि चढ सलग असल्याने बराचसा रस्ता दुसऱ्या गिअरमध्येच काटावा लागला. ज्या नैसर्गिक अभिसरणाचे मी वर कौतुक केले त्याचा दुबळेपणाही इथेच दिसला, कारण वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त अशा वेळी रेडिएटरमधून हवाही पुरेशी जात नाही आणि पाणीही पुरेशा गतीने फिरत नाही. मालकांनी मला आधीच बजावले होते की अर्ध्या चढावर थांबायचे, बॉनेट उघडायचे आणि दहा मिनिटे टेकडीवरून दिसणाऱ्या आल्प्सकडे पाहत बसायचे. आम्ही तसेच केले. वाफ निघाली नाही, पण न थांबता गेलो असतो तर ती निघाली असती, याबद्दल मला शंका नाही. उतारावर ब्रेक पुरेसे वाटले, मात्र पायाचा जोर भरपूर लावावा लागतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखणे अनिवार्य आहे.

तोपोलिनोचे खरे वैगुण्य म्हणजे तिच्यात दोनच माणसे बसतात. सीटमागे सामानाची जागा आहे, आणि युद्धापूर्वीच्या व नंतरच्या काळातही इटालियन कुटुंबांनी त्या जागेत मुले, आजी आणि भाजीच्या टोपल्या कोंबून प्रवास केले, याची छायाचित्रे घरोघरी सापडतात. पण ते त्या माणसांचे धैर्य होते, गाडीचा गुण नव्हे. माझी पत्नी माझ्याबरोबर किएरीला आली आणि दोन्ही मुलांना घरी ठेवावे लागले.

आता चिंक्वेचेंतो. इटालियनमध्ये पाचशेला चिंक्वेचेंतो म्हणतात, आणि इथे नुसते ‘चिंक्वेचेंतो’ म्हटले की 1957 चीच गाडी डोळ्यांसमोर येते. दोन गाड्यांच्या मध्ये महायुद्ध होऊन गेले होते. तोपोलिनो लिंगोत्तोच्या कारखान्यात जन्मली, ज्याच्या छतावरचा चाचणीमार्ग आज बाग होऊन लोकांसाठी खुला झाला आहे. नवी गाडी 1939 मध्ये उघडलेल्या मिराफियोरीच्या विस्तीर्ण कारखान्यात बनू लागली. 1946 पासून व्हेस्पा आणि पाठोपाठ लॅम्ब्रेटा यांनी इटलीच्या तरुणांना स्वतःचे वाहन म्हणजे काय याची चव दिली होती, आणि आता त्या स्कूटरवाल्यांची लग्ने होऊन त्यांना मुले झाली होती. नव्या गाडीला मोठ्या मोटारीशी स्पर्धा करायचीच नव्हती. तिला पावसात भिजणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला स्कूटरवरून उतरवून छपराखाली आणायचे होते.

म्हणून जाकोसा यांनी या वेळी मोटारीचे माप कमी केले नाही. त्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली आणि प्रत्येक भागाला ‘तुझी गरज आहे का?’ असे विचारले. चार सिलिंडरांऐवजी दोन. पाण्याऐवजी हवा, त्यामुळे रेडिएटर, होज आणि गोठण्याची भीती सगळेच गेले. इंजिन मागे गेले, त्यामुळे लांब शाफ्ट गेला आणि त्याने व्यापलेली जागा माणसांना मिळाली. वेगळी चासी गेली आणि पत्र्याचे कवचच गाडीचा सांगाडा झाले. कापडी छतामुळे पत्रा वाचला आणि दोन सिलिंडरांच्या धडधडीला बाहेर पडायला वाटही मिळाली. लांबी 2 मीटर 97 सेंटिमीटर, म्हणजे तोपोलिनोपेक्षाही वीतभर कमी, आणि तरीही मागे बाक. पहिल्या गाड्यांत ही काटछाट इतकी टोकाला गेली होती की दारांच्या काचा खाली होत नसत आणि मागच्या बाकावर गादीही नव्हती. ग्राहकांनी पाठ फिरवली तेव्हा काही महिन्यांतच कंपनीला काचा आणि गादी द्यावी लागली. पुढे 1959 मध्ये याच गाडीसाठी जाकोसा यांना कोंपासो दोरो हा इटलीतील संकल्पनाकलेचा मानाचा पुरस्कार मिळाला.

माझी 500 एफ ही 1965 नंतरची आवृत्ती असल्याने तिचे इंजिन 499 सीसीचे आणि ताकद 18 अश्वशक्ती आहे, दारेही उलट्या दिशेने न उघडता आजच्यासारखी उघडतात. सुपेर्गाचा चढ तिने न थांबता, न तापता पार केला, आणि त्याचे श्रेय पाच वाढीव अश्वशक्तींइतकेच हवेच्या पंख्यालाही आहे, कारण इंजिन फिरते आहे तोवर पंखाही फिरतो आणि गाडी किती हळू चालली आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मागे दोन्ही मुले बसली होती. मोठ्याचे गुडघे माझ्या सीटला टेकत होते, पण तो बसला होता, आणि माझ्या दृष्टीने या गाडीबद्दलचे सर्वांत महत्त्वाचे विधान हेच आहे.

ज्यांनी या गाडीची फक्त गोंडस छायाचित्रे पाहिली आहेत त्यांना पुढचा भाग वाचून कदाचित वाईट वाटेल. चालवण्याच्या सुखात ती तोपोलिनोच्या मागे आहे. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जात असल्याने कमी वेगात सगळी गाडी थरथरते. हा थरथराट पत्र्यात उतरू नये म्हणून इंजिनाचा मागचा आधार स्प्रिंगवर टांगला आहे, तरीही सिग्नलला उभे असताना आरशातले दृश्य धूसर होते. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश कुठेच नाही. 1936 च्या गाडीत जे तिसऱ्या-चौथ्या गिअरला होते ते 1957 मध्ये काढून टाकले आणि 1975 पर्यंत परत दिले नाही. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून मध्येच थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा, हा डबल क्लचचा खटाटोप प्रत्येक वेळी करावा लागतो. इटालियन लोक त्याला ‘दोप्पिएत्ता’ म्हणतात आणि जुन्या पिढीला तो झोपेतही जमतो. मला नीट जमायला दोन महिने लागले. आता त्यात आनंद वाटतो, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी गिअरची करकर ऐकून घाम फुटतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

याशिवाय किरकोळ गोष्टी पुष्कळ. हीटर म्हणजे इंजिनावरून आलेली गरम हवा, आणि तिच्याबरोबर तेलाचा वासही येतो. पुढे पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी ठेवल्यावर एका पिशवीपुरतीच जागा उरते. एफच्या डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा नाही, फक्त राखीव साठ्याचा दिवा आहे. चालू करण्यासाठी किल्ली फिरवल्यावर दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकजवळचा लहानसा दांडा ओढावा लागतो. शेजारचा दुसरा दांडा चोकचा. ही सवय मला विशेष आवडते, कारण तिच्यामुळे गाडी सुरू होणे ही हाताला कळणारी घटना होते.

मराठी वाचकांसाठी एक संदर्भ इथे द्यायलाच हवा. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट 1100, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तिचा 1953 चा मूळ आराखडाही जाकोसा यांच्याच देखरेखीखालचा. 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झालेल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी या अभियंत्याचे काम आपल्या पाठीने अनुभवले आहे. मी गाडी शिकलो ती वडिलांच्या पद्मिनीवर, पुण्यात, स्टिअरिंगखालचा गिअर ओढत. पद्मिनी ही कुळाने तोपोलिनोच्या बाजूची: पुढे चार सिलिंडरांचे पाण्याने थंड होणारे इंजिन, मधून शाफ्ट, मागे अखंड आस. त्यामुळेच तोपोलिनोत बसल्यावर मला पहिल्या वळणापासून ओळखीचे वाटले असावे, आणि चिंक्वेचेंतो माझी स्वतःची असूनही तिच्याशी नव्याने मैत्री करावी लागली.

माझा निर्णय तरीही चिंक्वेचेंतोच्या बाजूने आहे. 21 वर्षांनी आलेल्या गाडीत दोन सिलिंडर कमी, पाणी नाही, सिंक्रोमेश नाही. मोटारीच्या अंगाने पाहिले तर ही पीछेहाट आहे. पण जाकोसा यांना 1936 मध्ये ज्या माणसापर्यंत पोहोचायचे होते तो माणूस 1957 च्या गाडीत आपल्या मुलाबाळांसह बसला. तोपोलिनोच्या तिन्ही आवृत्त्या मिळून 1955 पर्यंत सुमारे 5 लाख 20 हजार गाड्या बनल्या. चिंक्वेचेंतो 1975 मध्ये सिसिलीतल्या तेर्मिनी इमेरेसे येथे बंद झाली तेव्हा हा आकडा 39 लाखांच्या जवळ गेला होता. सुखद गाडी आणि उपयोगी गाडी यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी उपयोगी गाडी निवडली, आणि त्यासाठी स्वतःच्याच पहिल्या, अधिक नजाकतीच्या कामाकडे पाठ फिरवण्याची तयारी दाखवली. या तयारीबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो.

विकत घेण्याचा विचार असेल तर काही व्यावहारिक गोष्टी. तोपोलिनोत युद्धापूर्वीची ए सर्वांत सुंदर असली तरी वापरण्यासाठी 1949 नंतरची सी घ्यावी. तिच्यात 1948 च्या बी आवृत्तीपासून आलेले वरच्या व्हॉल्व्हचे 16.5 अश्वशक्तीचे इंजिन आहे, आणि तीच सर्वाधिक संख्येने बनल्याने शोधायलाही सोपी जाते. सुटे भाग मिळतात, पण जाणकार विक्रेत्यांकडेच, आणि थांबण्याची तयारी ठेवावी लागते. चिंक्वेचेंतोचा प्रत्येक नट-बोल्ट इटलीत आजही नवा मिळतो. गाडी पाहताना इंजिनापेक्षा पत्र्याकडे लक्ष द्यावे: पायाखालचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या आणि पुढे बॅटरीखालची जागा गंजून सडलेली नाही ना, हे स्वतः वाकून पाहावे, कारण इंजिन दोन दिवसांत बाहेर काढून दुरुस्त होते, पत्र्याचे काम महिनोन् महिने चालते. पुढच्या चाकांच्या किंगपिनना, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळते तिला, वेळेवर ग्रीस मिळाले नसेल तर स्टिअरिंग जड आणि ढिले असे दोन्ही एकदम लागते. 1968 ची एल आवृत्ती आतून जरा सजलेली आहे आणि तिला पेट्रोलचा काटाही आहे. 1972 नंतरच्या आर आवृत्तीत 594 सीसीचे, शांत स्वभावाचे इंजिन येते. पुष्कळ मालक गिअरबॉक्स काढून तिथे फियाट 126 चा सिंक्रोमेशवाला गिअरबॉक्स बसवतात, आणि रोज शहराच्या गर्दीत चालवणाऱ्याने तसे करण्यात काही वावगे नाही. मात्र मूळचा गिअरबॉक्स तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावा.